वर्कशॉपमध्येच नीट चालणारी गाडी

“इंजेक्टर,” चौगुले सर म्हणाले.

अजून कुणी बॉनेट उघडलं नव्हतं. गाडी गेटातून पूर्ण आतही आली नव्हती. पुढची चाकं आमच्या हद्दीत आणि मागची विश्रामबागच्या रस्त्यावर, अशी ती उभी होती आणि थरथरत होती. नंबरप्लेटचा एक स्क्रू सैल होता, त्यामुळे ती प्लेटही खडखडत होती. डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा सरकत सरकत काचेला टेकला होता.

डिझेल इंजिनाचा आवाज मोठा असतो, पण त्याला ताल असतो. चार सिलिंडर म्हणजे ओळीत उभे राहून एकापाठोपाठ एक टाळी वाजवणारी चार माणसं समजा. या गाडीत त्यातलं कुणीतरी मधूनच टाळी विसरत होतं. कधी एक, कधी दुसरं. याला आमच्याकडे ‘मिसिंग’ म्हणतात. इंग्रजीत ‘रफ रनिंग’ म्हणतात. ग्राहक ‘गाडी थरथरते’ म्हणतात आणि तेच सगळ्यात बरोबर असतं.

“सर, ही गाडी आधी दोनदा येऊन गेलीय,” मी म्हणाले.

“म्हणूनच म्हणतो. बाकीचं सगळं करून झालं. आता इंजेक्टरच राहिले.”

ही निदानाची पद्धत सोपी आहे. एकेक पार्ट बदलत जायचं. शेवटी जो बदलायचा राहिला, तो गुन्हेगार. मी चार वर्षं कराडला एंजिनिअरिंग शिकले, पण ही पद्धत तिथे कुणी शिकवली नव्हती. शिवाय चार इंजेक्टर सरांनी गेल्या वेळीच मागवून स्टोअरमध्ये ठेवले होते. पार्ट तयार असला की आजारही लवकर सापडतो.

हे मी मनात म्हणाले. मी बहुतेक गोष्टी मनातच म्हणते.

आमचं वर्कशॉप मल्टिब्रँड आहे. म्हणजे कुठल्याही कंपनीची गाडी आम्ही उघडतो आणि त्यातल्या बऱ्याचशा परत लावतो. माझं पद ‘डायग्नोस्टिक एंजिनिअर’ आहे. स्कॅनर माझ्या ताब्यात असतो. मी मूळची साताऱ्याची, शाळा इंग्लिश मीडियम. या गोष्टीचा गाड्यांशी काही संबंध नाही, पण आमच्या मिस्त्री लोकांच्या मते आहे. ते मला मॅडम म्हणतात. त्या शब्दात आदर असतो, आणि मॅडमनी टेबलाजवळच बसावं अशी सूचनाही असते.

गाडीतून कोळेकर आबा उतरले. उंच, सडपातळ, पांढरं धोतर आणि पायात आर्मीचे वाटावेत असे काळे बूट. ते आटपाडीकडचे. त्यांचे वडील-आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आबा मात्र आर्मीत ड्रायव्हर झाले, रिटायर होऊन आले आणि डाळिंबाची बाग लावली. गाडी त्यांनी मी शाळेत असताना घेतलेली. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं आहे. आबांनी केलेलं नाही.

“म्याडम, परत आलो बगा,” आबा म्हणाले. “तुमच्या हितनं गेली की चार दिस ग्वाड चालती. मग हाय तेच.”

पहिल्या वेळी आम्ही फिल्टर बदलला होता. दुसऱ्या वेळी एक व्हॉल्व्ह साफ केला होता, इंजिनातला थोडा धूर परत आत फिरवतो तो. दोन्ही वेळा गाडी इथून बरी होऊन गेली आणि दोन्ही वेळा घरी जाऊन आजारी पडली. यावर आमच्या वर्कशॉपचं अधिकृत मत असं होतं की तिकडचं डिझेल खराब असणार. आटपाडीकडचं अधिकृत मत आबांनी तिथेच सांगून टाकलं.

“आमच्याकडं म्हणत्यात, सांगलीवालं मुद्दाम अर्दीच दुरुस्त करत्यात. म्हंजी गिऱ्हाईक परत येतंय.”

चौगुले सर मोठ्यानं हसले. बाकी कुणी हसलं नाही.

“पर आता परत येनार न्हाई,” आबा म्हणाले. “ह्यो शेवटचा टाइम. ऐतवारी गाडी भंगारात चालली.”

आबांचा मुलगा सुनील शिरवळला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात आबा गाडी घेऊन त्याच्याकडे गेले होते. परतताना सुनील, सून आणि नात त्यांच्याबरोबर गावी निघाले. सुनील चालवत होता. खंबाटकी घाटाच्या ऐन वळणावर गाडी अडखळली, थरथरली आणि बंद पडली. मागे गाड्यांची रांग लागली. त्या रांगेत सुनीलच्याच कंपनीची बस होती. बसमधल्या लोकांनी उतरून गाडी कडेला ढकलली, आणि ढकलता ढकलता काहींनी मोबाइलवर शूटिंगही केलं. ते त्यांच्या ग्रुपवर अजून फिरतंय म्हणे.

“पोरगं तवापास्नं बोलंना. भंगारवाला ठरवून बसलाय तिकडंच, शिरवळात. म्या म्हनलं, ऐतवारी मी गाडी घिऊन येतो, तू शेजारी बस, घाट चढून दावतो. चढली तर माझी, बंद पडली तर तुझ्या भंगारवाल्याची.” आबांनी बॉनेटवर हात ठेवला. “ही गेली की मी यष्टीनं फिरनार. मला काय यष्टी वंगाळ न्हाई. पर यष्टी मळ्यात येत न्हाई आन म्हातारीला दवाखान्यात बी नेत न्हाई.”

त्या दिवशी शुक्रवार होता.

आबा मार्केट यार्डात डाळिंबाच्या कामाला गेले आणि गाडी आत घेतली. बाळू मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. बाळू मिस्त्री आमच्याकडचे सगळ्यात जुने. त्यांनी आधी हात पुसले, मग चपला काढल्या. मग फ्युएल फिल्टरशेजारी एक पिवळं गाठोडं लोंबत होतं, ते दोन्ही हातांनी अलगद उचललं, कपाळाला लावलं, आणि बॅटरीवर एक स्वच्छ फडकं अंथरून त्यावर नीट टेकवून ठेवलं. गाठ सोडली नाही. मग चपला घातल्या आणि पाना हातात घेतला.

“काय आहे ते?” मी विचारलं.

“बिरोबाचा नारळ हाय, मॅडम. जत्रेतनं आनत्यात. गाडीत बांदत्यात. आपुन त्याला मधी आनायचं न्हाई.”

मी मान हलवली. मध्ये आणायचं नाही हे मला चांगलं जमतं.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला ‘काय होतंय’ असं विचारायचं यंत्र. तो उत्तर देतो, पण पेशंटसारखं, कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही. या गाडीनं सांगितलं की रेल प्रेशर कमी पडतंय. रेल म्हणजे इंजिनावरची जाड नळी. पंप तिच्यात प्रचंड दाबानं डिझेल भरतो, आणि तिथून चार इंजेक्टर ते चार सिलिंडरांत फवारतात. दाब कमी पडला की फवारा बिघडतो आणि टाळी चुकते.

दाब कमी का पडावा? पंप थकला असेल. इंजेक्टर आतल्या आत गळत असतील. किंवा पंपाला मागून डिझेलच नीट मिळत नसेल.

“इंजेक्टर,” चौगुले सर जाता जाता पुन्हा म्हणाले.

मी गाडी सुरू करायला सांगितली. स्टार्टर थोडा वेळ फिरला, इंजिन पेटलं, दोन-चार ठोके अडखळलं आणि मग शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. नंबरप्लेटसुद्धा गप्प झाली. स्कॅनरवर दाब सरळ रेषेत.

“आयला,” बाळू मिस्त्री म्हणाले. “आपल्याला बघून ऱ्हायली नीट.”

“भीती असते गाड्यांना,” सर म्हणाले. “वर्कशॉपमध्ये आल्यावर.”

सरांकडे मेकॅनिकलची पदवी आहे. भिंतीवर फ्रेम करून लावली आहे.

मी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायचं ठरवलं. इंजेक्टरला जेवढं डिझेल मिळतं त्यातलं थोडं तो वापरत नाही, परत पाठवतो. गळका इंजेक्टर जास्त परत पाठवतो. म्हणून चौघांच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन चालवायचं आणि बघायचं कुणाची बाटली लवकर भरते. सलाइनच्या बाटल्यांसारख्या दिसतात. गळका असेल त्याची बाटली बाकीच्यांच्या पुढे पळते.

चारही बाटल्या एकाच रेषेत भरल्या. पट्टी लावून बघितलं असतं तरी फरक सापडला नसता. मी सरांना बोलावलं.

“सर, चारही सारखे आहेत.”

सरांनी वाकून बाटल्या बघितल्या. विचार केला.

“म्हणजे चारही सारखेच खराब आहेत,” ते म्हणाले.

“सर, खराब असते तर लेव्हल खूप वर गेली असती. ही लिमिटच्या आत आहे.”

“रेवती, पुस्तकातलं लिमिट वेगळं आणि सांगलीतलं लिमिट वेगळं. रविवारी माणूस घाट चढणार. उगाच रिस्क कशाला? चारही टाकून दे.”

नवे इंजेक्टर टाकल्यावर गाडी नक्की नीट चालली असती. ती आत्ताही नीटच चालत होती, हाच तर प्रॉब्लेम होता. आमच्याकडे ती काहीही केलं तरी नीट चालायची. फिल्टर बदलला, चालली. व्हॉल्व्ह पुसला, चालली. मला वाटतं तिच्यापुढे नुसती उदबत्ती लावली असती तरी चालली असती, आणि आम्ही उदबत्तीचं बिल केलं असतं.

मी म्हटलं, आधी ट्रायल मारून येऊ. बाळू मिस्त्रींनी चालवली, मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले. मिरज रोडला गेलो आणि आलो. जोरात चालवली, हळू चालवली, सिग्नलला थांबवली. गाडीनं एकदाही तक्रार केली नाही. सांगली-मिरज रस्ता टेबलासारखा सपाट आहे, हे तेवढं मी लक्षात ठेवलं.

“मॅडम, लय विचार करू नगा,” बाळू मिस्त्री म्हणाले. “काय गाड्या अशाच असत्यात. मान्सावानी. सासरी आजारी, म्हायेरी ठणठणीत.”

परत आल्यावर मी शेवटची शंका काढून टाकायचं ठरवलं. पंपाला मागून नीट डिझेल मिळतं का, ती. या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल कुणी ढकलत नाही. पुढचा पंपच ते ओढून घेतो, आपण स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो तसं. स्ट्रॉला बारीक चीर असली तर रस बाहेर सांडत नाही. हवा आत शिरते. मग तोंडात रस कमी आणि बुडबुडे जास्त येतात. डिझेलमध्ये हवा शिरली की दाब बनत नाही, कारण हवा दाबली तर नुसती आक्रसते. आणि खाली एक थेंबही गळत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मिस्त्री लोक याला ‘एअर घेतली’ म्हणतात.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये मी एक पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. आता आतलं डिझेल दिसत होतं. बुडबुडे असतील तर दिसतीलच.

इंजिन सुरू केलं. नळीत डिझेल वाहत होतं, फिकट आणि काचेसारखं स्वच्छ. एकही बुडबुडा नव्हता. मी बराच वेळ बघत उभी राहिले. सर मागे येऊन उभे राहिले. स्टोअरकडे बघून नुसती मान हलवली आणि इंजेक्टरचे डबे बाहेर आले.

तेवढ्यात आबा परतले.

ते सरळ इंजिनापाशी आले. इंजिन चालू होतं. त्यांनी आधी कान दिला, खूश झाले, आणि मग त्यांची नजर बॅटरीवर गेली.

“बाळूऽ,” आबा म्हणाले. “देवाला असं बॅटरीवर ठिवतासा व्हय रं?”

“आबा, खाली फडकं हाय की. धुतल्यालं.”

“फडकं असूं दे. देवाची जागा हाय त्येला.” त्यांनी बूट काढले, गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि होतं तिथे फिल्टरशेजारी लोंबतं सोडलं. दोरी ताणली गेली.

मी अजून नळीकडेच बघत होते. नळीत एक बुडबुडा आला. मग दोन. मग पांढऱ्या मण्यांची माळ ओढावी तशी ओळ सुरू झाली. इंजिनानं एक ठोका चुकवला. नंबरप्लेट खडखडली.

“ह्ये बगा!” आबा ओरडले. “आलं! म्या सांगतोय ते खोटं न्हवं. दावलं तिनं तुमास्नी!”

सर लगेच इंजेक्टरकडे वळले. बाळू मिस्त्री पंपाकडे. मी दोरीकडे.

दोरी फिल्टरमधून निघणाऱ्या पाइपाला बांधली होती. पाइपाचा तो भाग लोखंडी, बघायला मजबूत. पण बोटभर अंतरावर त्याचा प्लॅस्टिकचा जोड होता आणि त्या जोडात एक रबराची रिंग. गाठोडं लोंबलं की पाइप खाली ओढला जायचा, रिंग एका बाजूनं उघडायची आणि तिथून हवा आत जायची. गाठोडं बॅटरीवर टेकलं की दोरी सैल, रिंग बंद. घाटात चढावर गाडी तिरकी झाली की गाठोडं मागे झुलणार, ओढ वाढणार, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला डिझेल जास्त लागणार.

आणि आम्ही? दर वेळी बॉनेट उघडल्यावर पहिलं काम म्हणून अत्यंत आदरानं बिघाड उचलून बाजूला ठेवला होता. मग दुरुस्ती केली होती. ट्रायल मारली होती. गाडी धुऊन, पुसून, द्यायच्या वेळी तोच बिघाड कपाळाला लावून फिल्टरवर अलगद टेकवला होता, आणि चार दिवस खड्डे खाऊन तो घसरून पुन्हा लोंबायला लागला होता.

मी सरांना बाजूला नेऊन सांगितलं. सर एकदा गाठोड्याकडे आणि एकदा आबांकडे बघून एकदम हळू आवाजात बोलायला लागले.

“हे बघ. रिंग बदल, वर क्लिप मार, गाठोडं गुपचूप दुसरीकडे बांधून टाक. त्यांना काही बोलायचं नाही. धार्मिक मॅटर आहे. इंजेक्टर सर्व्हिस केले म्हणून सांगू.”

“पण सर, पुढच्या जत्रेला ते परत त्याच पाइपाला बांधतील.”

“पुढच्या जत्रेचं पुढच्या जत्रेला.”

रविवार परवावर होता. मला लोकांशी बोलायला आवडत नाही, अनोळखी लोकांशी तर नाहीच, आणि अनोळखी माणसाला त्याच्या देवाबद्दल काही सांगायचं म्हणजे माझ्या आवडत्या कामांच्या यादीत अगदी शेवटी. पण तिथे असलेल्या लोकांत बुडबुडे फक्त मी बघितले होते.

“आबा, ते गाठोडं जरा हातात धरून वर उचलाल?”

“का?”

“या नळीत बघा.”

त्यांनी उचललं. थोड्या वेळानं माळ तुटली. नळी स्वच्छ झाली, इंजिन शांत झालं.

“आता सोडा.”

बुडबुडे आले. ठोका चुकला.

आबांनी मला पुढचं सांगायची वेळच येऊ दिली नाही. ते ड्रायव्हर होते. त्यांनी स्वतःच पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं, पुन्हा उचललं. मग ते आत वाकले आणि गाडी बंद केली.

“म्हंजी देवामुळं गाडी बंद पडती म्हणतासा?”

बाळू मिस्त्री हातातला पाना वाचायला लागले. सरांनी न वाजलेला फोन कानाला लावला.

“देवामुळं नाही, आबा. गाठ चुकीच्या पाइपाला आहे. दुसरं काहीही बांधलं असतं तरी हेच झालं असतं. अगदी टिफिन बांधला असता तरी.”

देव आणि टिफिन एका वाक्यात आल्यावर माझे कान तापले.

“टिफिन कोन बांदतंय हितं?” आबा म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांनी पाइपावरून बोट फिरवलं. प्लॅस्टिकच्या जोडापाशी ते थांबलं. “लोखंडी हाय म्हनून बांदलं मी. आर्मीच्या गाडीत डिझेलच्या पाइपाला म्हस बांदली तरी हलत नव्हती.”

“ही आर्मीची गाडी नाही.”

“न्हाई खरी.” त्यांनी गाठोडं तळहातावर तोललं. “आन आदी येवडं जड बी नव्हतं. आदी एकच नारळ हुता. दर जत्रंला नवा बांदायचा, जुना सोडायचा.”

“मग जुने का नाही सोडले?”

“वाहत्या पान्यात सोडायचा आसतोय, पोरी. आमच्याकडं नदीला पानी कवा आसतंय?”

“शिरवळला जाताना कराडला कृष्णा लागते की.”

“लागती. पर पुलाजवळ गाडी थांबवली आन परत चालूच झाली न्हाई तर? बाजूला सून बसल्याली, पाठीमागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दर बारीला म्हणायचं, येताना सोडू. येताना म्हणायचं, जाताना सोडू.”

नारळांमुळे गाडी थांबवायची सोय नव्हती, आणि गाडी थांबवायची सोय नव्हती म्हणून नारळ तसेच होते. अशी सायकल आम्हाला थर्मोडायनॅमिक्समध्येही नव्हती.

“कृष्णा इथेही आहे, आबा,” मी म्हणाले. “जवळच.”

आबा गाठीकडे बोट दाखवून म्हणाले, “बाळू, सोड.”

“म्या न्हाई हात लावनार,” बाळू मिस्त्री म्हणाले. “तुमचा देव, तुमी सोडा.”

आबांनी स्वतः सोडली. गाठ जुनी होती, डिझेल आणि भंडारा पिऊन दगड झालेली. नखांनी सोडवता सोडवता त्यांची बोटं पिवळी झाली. कात्री कुणी पुढे केली नाही.

रिंग बदलायला फार वेळ लागला नाही. आमच्या दुकानातला सगळ्यात लहान पार्ट असावा. वेळ लागला तो दुसऱ्याच कामाला. आबांची अट होती, या वर्षीचा नारळ गाडीतच राहणार.

“कुठं बांदू ते तुमी सांगा. पर देव म्होरं बघाया पायजे. रस्त्याकडं. आन गरम नगो.”

चार वर्षं मला डिझाइन शिकवलं, पण अशी स्पष्ट स्पेसिफिकेशन कुणी दिली नव्हती. पंख्यात जायला नको, पट्ट्यात जायला नको, तापलेल्या पाइपांजवळ नको, कुठल्याही नळीला टेकायला नको, बॉनेट बंद व्हायला हवं, आणि तोंड पुढे. पुढच्या आडव्या पट्टीवर, बॉनेटच्या कुलपाच्या बाजूला जागा सापडली. लोखंडी पट्टी वाकवून मी एक वाटीसारखं ब्रॅकेट करून घेतलं, आतून रबर लावलं. बाळू मिस्त्रींनी दोन भोकं पाडून ते बोल्टनं बसवलं. भोकं पाडण्याआधी चपला काढल्या.

संध्याकाळी आबा मला आणि बाळू मिस्त्रींना घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले. सरांनी ते ट्रायलमध्ये धरलं. पाण्याजवळ आबांनी गाडी थांबवली. किल्लीवर हात ठेवून क्षणभर तसेच बसले. मग बंद केली.

जुने नारळ त्यांनी एकेक करून सोडले. सुकून हलके झालेले, ते बुडाले नाहीत, पाण्यात भंडारा सोडत तरंगत गेले. आबा हात जोडून उभे होते. मी पायरीवर जरा मागे उभी राहिले. मला काय करायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मीही हात जोडले.

परत येऊन आबांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बाळू मिस्त्रींनी खिडकीबाहेर बघत नाक ओढलं.

रविवारी मी साताऱ्याला घरी होते. दुपारपर्यंत फोनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दर थोड्या वेळानं ठरवत होते. जेवणं झाल्यावर आबांच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. मी तो घेऊन गॅलरीत गेले.

मेसेजमध्ये कुणीच बोलत नव्हतं. मागे वारा आणि जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न, आणि पुढे, मोबाइल बॉनेटजवळ धरला असावा इतकं जवळ, इंजिन. घाट चढून आलेलं, तापलेलं, जागेवर उभं. चारही टाळ्या आपापल्या वेळी. मी डोळे मिटून ऐकलं. एकही चुकली नाही. बरंच झाल्यावर एका तरुण माणसाचा वैतागलेला आवाज आला, “आबा, बास की आता. पोचलं त्यांना.” आणि त्यावर आबा, “जरा ऐकूं दे रं तिला.”

सोमवारी चौगुले सर एका नव्या ग्राहकाला सांगत होते की प्रॉब्लेम फ्युएल सप्लायमध्ये आहे हे त्यांनी गाडी गेटात असतानाच ओळखलं होतं. माझ्या ब्रॅकेटला आता मागणी आहे. आटपाडीकडून आणखी दोन गाड्या फक्त तेवढ्यासाठी येऊन गेल्या, आणि सर त्याला ‘डिव्होशनल ॲक्सेसरी’ म्हणतात. मला स्वतःला यातून एवढंच कळलं की दुरुस्तीला हात घालण्याआधी आपण काय उचलून बाजूला ठेवतो ते बघावं, आणि ट्रायलला जाताना ते परत जागेवर ठेवून जावं.

चार इंजेक्टर अजून स्टोअरमध्ये डब्यात आहेत. काल गेटातून एक थरथरती गाडी आली. सरांनी मान वळवली, आधी डब्याकडे, मग गाडीकडे.